बोलता पेशंट

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वूस्टर शहरात, औषधांच्या दुकानासमोरच्या बर्फ जमलेल्या सपाट फूटपाथवर, मी पडले. डोंगर नव्हता, उतार नव्हता, पायांत स्की नव्हत्या. एका हातात कॉफी, खांद्याला डब्याची पिशवी आणि कामावर निघालेली एकसष्ट वर्षांची बाई. पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणत असतो. माझ्या बाबतीत ती खरोखरच सरकली. पडताना माणसाला बराच वेळ मिळतो. मला दुकानाच्या काचेवरची सर्दीच्या गोळ्यांची जाहिरात पूर्ण वाचता आली, कॉफीचा पेला माझ्याआधी खाली पोचलेला दिसला, आणि मग उजवा कुल्ला असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दाढीवाला एक तरणाबांड माणूस धावत आला आणि माझ्या काखेत हात घालून म्हणाला, "सावकाश, मॅडम. घाई नको. तुमचं नाव आठवतंय का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडलेल्या माणसाला नाव विचारायचं काम माझं आहे, एकोणतीस वर्षं डोंगरावर मी ते करते आहे. "रोवेना पेल्की," मी म्हणाले. "छान!" तो म्हणाला, बालवाडीतल्या मुलाला म्हणतात तसं. "माझ्या आजीला मी बुटांखाली लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या घेऊन दिल्यात. इथेच आत मिळतात बघा." मी त्याचे आभार मानले. आणि सांगायला लाज वाटते, पण तो कोपऱ्यावर वळल्यावर मी आत गेले आणि त्या पट्ट्या घेतल्या.

मी दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. सत्तावीस वर्षं येईल त्या घाबरलेल्या माणसाला मी एकच सांगत आले आहे, की काही होत नाही, आत जा, दहा मिनिटांचं काम. लोक पांढऱ्या पडलेल्या तोंडाने माझ्याकडे बघतात आणि मनात म्हणत असणार, हिला काय जातंय सांगायला. मला भीती हा प्रकार माहीतच नव्हता असं नाही, पण ती इतरांची म्हणून माहीत होती. त्या मंगळवारी दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही पाय खुर्चीच्या खाली एकमेकांना घट्ट धरून बसले आहेत. मी ते सोडवले. जरा वेळाने बघते तर पुन्हा धरलेले. संध्याकाळी गाडीपर्यंतचं अंतर मी कुंपणाला हात लावत गेले. घरी ल्यूशन, म्हणजे माझा नवरा, टेबलभर दोन हजार तुकड्यांचं कोडं पसरून बसला होता. तो थंडीचा जन्मजात वैरी आहे. लग्नानंतर एकदाच माझ्याबरोबर डोंगरावर आला आणि त्याने कानाला खडा लावला. "कशी आहे बाहेर हवा?" त्याने विचारलं. "बरी आहे," मी म्हणाले. पडल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने लगेच विचारलं असतं, शनिवारी जाणार आहेस का, आणि तोच प्रश्न मला नको होता.

शनिवारी आमची स्लेजची, म्हणजे बर्फावरून न्यायच्या घसरगाडीची, परीक्षा होती. टॅनर्स नॉब हा व्हरमाँटमधला एक छोटा डोंगर आहे, तारेवरच्या खुर्च्यांनी वर नेणाऱ्या दोन लिफ्ट, चौदा उतार आणि एक खानावळ, जिथला चहा कुणी पिऊ नये. तिथे जखमी माणसांना खाली आणणाऱ्या पथकात मी आहे. पगार नाही, लाल जॅकेट मिळतं आणि खानावळीत सूप फुकट. दरवर्षी जानेवारीत प्रत्येकाने भरलेली स्लेज वरून खालपर्यंत आणून दाखवायची. एक जण पुढे दोन दांड्यांच्या मधे, एक जण मागे शेपटीचा दोर धरून. जमलं तर जॅकेट राहतं. नाही जमलं तर पायथ्याशी पथकाच्या झोपडीत बसायचं, रेडिओ ऐकायचा, मलमपट्ट्यांची खोकी मोजायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोको करून द्यायचा. झोपडीत बसणारे लोक फार प्रेमळ असतात. मला त्यांच्यात जायचं नव्हतं. आणि माझी स्लेज हॉलिसवर अवलंबून होती, हॉलिसची माझ्यावर. पुढे मी, दोरावर हॉलिस, हे बावीस वर्षं चाललं आहे.

त्यात बुधवारी दिवसभर पाऊस पडला आणि गुरुवारी रात्रीपासून थंडी अशी कडाडली की सगळा डोंगर वरून खालपर्यंत काच झाला. आमच्याकडे ही काही नवलाई नाही. पश्चिमेकडचे लोक गुडघाभर भुसभुशीत हिमातून पोहत खाली येतात आणि त्याला स्की म्हणतात. आम्ही पूर्वेचे लोक लहानपणापासून काचेवर वाढलो आणि त्याचा आम्हाला भलता गर्व आहे. शनिवारी निघताना फोनवर डोंगराची सकाळची खबर ऐकली. पृष्ठभाग घट्ट, असं खबर देणारी बाई गोड आवाजात म्हणाली. काच म्हणायचं नाही असा तिथला रिवाज आहे. एरवी 'घट्ट' ऐकलं की मला गुदगुल्या होत, गर्दी कमी असणार म्हणून. त्या पहाटे गाडी चालवताना मात्र तो शब्द पोटात जाऊन बसला. बाहेर उजाडत होतं, प्रत्येक फांदी पारदर्शक कवचात होती, सूर्य वर आला तेव्हा सगळं रान असं लखलखलं की मी एकटीच गाडीत "अगं बाई!" म्हणाले. सुंदर होतं. माझी पाचावर धारण बसली होती आणि तरी ते सुंदर होतं, दोन्ही एकाच वेळी.

झोपडीत हॉलिस आधीच येऊन स्टोव्हला पाठ लावून उभा होता. हॉलिस ब्रेनर्ड अडुसष्ट वर्षांचा, सुतार, सहा फूट उंच, दाढी पांढरी, आणि पक्का कंजूष. म्हणजे दुसऱ्याला देताना नाही. स्वतःवर खर्च करताना. त्याच्या हातमोज्यांना इतकी ठिगळं आहेत की मूळ हातमोजा त्यात कुठे आहे हे त्याची बायको बर्निससुद्धा सांगू शकत नाही.

"आलीस? मला वाटलं काच बघून वूस्टरला परत पळालीस," तो म्हणाला.

"तुला एकट्याला सोडून? डोंगराची अब्रू जाईल."

"झोप झाली का? डोळे बघ तुझे."

"तू तुझी दाढी बघ. त्यात कालचं ऑम्लेट आहे."

असं आमचं चालतं. त्याच्याशी बोलताना परीक्षेचा जरा विसर पडला, आणि मग गार्नेट आत आली. गार्नेट या वर्षीपासून पथकाची प्रमुख. चौतीस वर्षांची, गालांवर तीळ, खिशात कायम पेन्सिल. ती नऊ वर्षांची असताना पाय मोडून पाइनच्या झाडाखाली बसली होती आणि तिला मी खाली आणलं होतं. सगळा वेळ ती मला तिच्या मांजराविषयी सांगत होती. कारण आमच्या डोंगरावर नियमच आहे तसा: स्लेजमधल्या पेशंटने बोलत राहायचं. पुढच्याला मागे वळून बघता येत नाही, पेशंट ताडपत्रीखाली असतो. त्याचा आवाज हेच काय ते. आवाज हलला म्हणजे स्लेज हलली, आवाज थांबला म्हणजे काहीतरी झालं. परीक्षेतही तेच. परीक्षक बाजूने बघत येत नाही, तो स्वतः स्लेजमध्ये आडवा पडतो आणि तळापर्यंत बडबडतो. बोलताना जीभ चावली गेली तर परीक्षा देणाऱ्याचे गुण कापले जातात. मागच्या प्रमुखाने एकदा एकाला नापास केलं तेव्हा पुरावा म्हणून जीभ बाहेर काढून दाखवली होती.

"पहिली जोडी रोवेना आणि हॉलिस," गार्नेट म्हणाली. "हेमलॉकच्या उतारावरून."

"हेमलॉक? आज?" हॉलिसने विचारलं.

"का? लोक काय फक्त मऊ दिवशी पाय मोडतात?"

लिफ्टवर बसल्यावर खाली बघू नये हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. मी खाली बघितलं. हेमलॉकच्या मधोमध एक वळण आहे, त्याला आम्ही कोपर म्हणतो; तिथे उतार एकदम तुटतो आणि डावीकडे वळतो, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाळी आहे. कोपरावर कुणी थांबत नाही, थांबायला तिथे काही नसतं. कोपर उतरायचा आणि खालच्या सपाटीवर श्वास घ्यायचा. वरून तो निळा दिसत होता. आकाश त्यात दिसत होतं. मला माझ्या वडिलांची आठवण आली. ते कागदाच्या गिरणीत कामाला होते आणि रविवारी आम्हा तिघा भावंडांना गोठलेल्या शेतावर उभं करून म्हणायचे, पायांना सांगत बसू नका, पाय तुमच्यापेक्षा शहाणे आहेत. माझे पाय खरोखरच माझ्यापेक्षा शहाणे होते. शाळेत गणितात कच्ची, बोलण्यात फटकळ, नाच तर विचारूच नका. पण कडक बर्फावर उभी राहिले की घोट्यापासून कमरेपर्यंत एक समज जागी व्हायची, ती माझ्या डोक्याला कधी लाभली नाही. पंचावन्न वर्षं मी तिच्यावर विसंबून होते. आणि मंगळवारी, एका साध्या फूटपाथवर, तिने मला न सांगता हात वर केले. दुखलेला कुल्ला चार दिवसांत बरा होत आला होता. पण पाय काही विचारलं की उत्तरच देत नव्हते. हॉलिस बाजूला बसून शीळ घालत होता. त्याला सांगावं असं फार वाटलं. हॉलिस, मी घाबरले आहे, एवढंच. तोंड उघडलं आणि म्हणाले, "बर्निस कशी आहे?"

"मजेत. नाताळला मला काहीतरी महागडं दिलंय तिने, बोलायची सोय नाही. रो, तू आज गप्प का?"

"थंडी आहे."

"थंडी आहे म्हणे," हॉलिस आकाशाला म्हणाला.

वर गेल्यावर गार्नेट स्लेजमध्ये पडली, आम्ही पट्टे आवळले आणि ताडपत्री नाकापर्यंत ओढून मग नाकावरूनही घेतली. मी दांड्यांच्या मधे उभी राहिले. स्की आडव्या, त्यांच्या धारदार लोखंडी कडा बर्फात. मागून हॉलिसने दोर ताणला आणि ओरडला, "धरलाय!" ताडपत्रीखालून गार्नेटचा आवाज सुरू झाला. "तर आज मी आईच्या बीन्सची कृती सांगणार आहे. बीन्स आदल्या रात्री भिजत घालायच्या. ज्यांना वेळेवर आठवत नाही त्यांनी माझ्या आईच्या घरी जन्म घेऊ नये."

पहिले शंभर फूट मला काही आठवत नाहीत. कडांचा खरवडण्याचा आवाज तेवढा कानात भरला होता, सगळा डोंगर कुणी सुरीने खरवडतं आहे असा. मी पायांना सांगत होते. वाका, दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सांगून केलेलं काहीच नीट होत नव्हतं. "सकाळी पाणी बदलायचं," गार्नेट म्हणत होती, "आणि साल सुटेपर्यंत उकळायचं. साल सुटली का हे कसं बघायचं? चमच्यात दोन बीन्स घेऊन फुंकर मारायची." तिचा आवाज दोनदा हलला. दोन गुण गेले, मी मनात म्हणाले. झोपडी डोळ्यांपुढे आली, तो स्टोव्ह, ती खोकी, कोकोचा डबा. प्रेमळ होणं आता काही टळत नाही. तेवढ्यात कोपर आला.

कोपराच्या तोंडाशी मी स्लेज वळवली आणि त्याच क्षणी माझ्या हातांवरचा भार दुप्पट झाला. बावीस वर्षं ज्याने मागून धरलं होतं ते एकदम नाहीसं झालं. दोर सुटला होता. मी दांडे खाली दाबले, ब्रेक म्हणून स्लेजखाली पुढे लावलेली साखळी बर्फात रुतली, किंचाळली, आणि धरेना. "मग डुकराची खारवलेली चरबी, बोटाएवढी," गार्नेट म्हणाली. आणि माझ्या उजव्या बाजूने हॉलिस आला. तो पोटावर होता. एक स्की पायात, एक मागून स्वतंत्रपणे येत होती. हात पुढे पसरलेले, दाढी बर्फ नांगरत चाललेली, चेहरा एखाद्या देवळात बसल्यासारखा गंभीर. माझ्या बरोबरीला आल्यावर त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या अवस्थेत, त्या वेगात, एक बोट ओठांवर ठेवलं. मग तो पुढे निघून गेला.

मला हसू फुटलं. कोपरावर, काचेवर, एकशे चाळीस पौंडांची प्रमुख पाठीमागे घेऊन मी हसत सुटले, आवाज न करता, पोटातून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसणारा माणूस पायांना सांगायला विसरतो. ते माझं ऐकायची वाटच बघत नव्हते. उजवी कड आत गेली, गुडघे एकत्र आले, कंबर डोंगराकडे झुकली, साखळीने एकदाचं धरलं, आणि स्लेज माझ्या मागून एखादी शहाणी म्हैस यावी तशी वळणातून खाली आली. जाळी उजवीकडे सरली. "मोहरी, आणि काकवी सढळ हाताने," गार्नेट म्हणाली, आणि तिच्या आवाजात पाण्यावरच्या सुरकुतीएवढंही काही हललं नाही. मी त्या वेळी इतकी आनंदात होते की मला ओरडावंसं वाटलं. एकसष्ट वर्षांची आहे म्हणून काय झालं! कोपर मी एकटीने पार केला होता.

खालच्या सपाटीवर हॉलिस उभा होता. दोन्ही स्की पायांत, टोपी सरळ, फक्त दाढी अर्धा किलो बर्फाने भरलेली. मी थांबताच तो लंगडत मागे गेला आणि त्याने दोराचं टोक हातात घेतलं. तसेच आम्ही उरलेला सोपा उतार उतरून झोपडीपाशी आलो. ताडपत्री काढली. गार्नेट उठून बसली, पेन्सिल काढून म्हणाली, "सुरुवातीला जरा कचकच होती, पण कोपर! कोपरावर मला कळलंही नाही. दोघांचंही काम झकास. हॉलिस, दोर तर काय धरलास!"

हॉलिस खोकला. माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला.

आता माझ्या मनात जे काय आलं ते फार शोभेचं नव्हतं. पहिल्यांदा आलं, गप्प बस. पास झालो आहोत. बावीस वर्षं दोर धरलेला माणूस आहे. मागच्याच वर्षी ल्यूशनच्या छातीत कळ आली तेव्हा हाच पहाटे दोन तास गाडी हाकत वूस्टरला आला होता आणि रुग्णालयात आठ तास माझ्याशेजारी बसून त्याने मला एकही धीराचं वाक्य ऐकवलं नव्हतं, नुसते सँडविच आणून दिले होते. अशा माणसाला झोपडीत पाठवायचं? मग आलं, पुढच्या शनिवारी त्या ताडपत्रीखाली कोण असेल? मांजराविषयी बोलणारी कुणीतरी नऊ वर्षांची असेल, आणि ती मला विचारणार नाही की तुमच्या मागचा म्हातारा दोर धरून राहतो का. सत्तावीस वर्षं लोकांना काही होत नाही म्हणून सांगणारी मी, या वेळी तसं म्हणू शकले नाही.

"गार्नेट, दोर नव्हता," मी म्हणाले. "कोपराच्या वरच सुटला. मी एकटीने आणली. आणि आणखी एक. मंगळवारी मी फूटपाथवर पडले. कुणाला बोलले नाही. सुरुवातीची कचकच झाली ती त्याची. मला भीती वाटत होती."

हॉलिसने माझ्याकडे बघितलं नाही. तो दोराची गुंडाळी करत होता, फार काळजीपूर्वक. "बावीस वर्षं," तो दोराला म्हणाला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गार्नेट एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली, आणि मी मान खाली घातली म्हणून मला त्याच्या स्की दिसल्या.

"हॉलिस," मी म्हणाले. "पाय वर कर."

"का?"

"कर म्हणते ना."

त्याने पाय वर केला. मी हातमोजा काढून कडेवरून बोट फिरवलं. चमच्याच्या दांड्यालासुद्धा जास्त धार असते. ही त्याची दगडांवरची जोडी होती. नोव्हेंबरात हिम पातळ असतं आणि खालचे दगड वर आलेले असतात तेव्हा चांगली जोडी खराब होऊ नये म्हणून जी वापरतात ती. आमच्यापैकी प्रत्येकाकडे अशी एक जोडी असते. पण जानेवारीत, काचेवर, परीक्षेच्या दिवशी ती घालून येणारा माणूस जगात एकच.

"तुझी चांगली जोडी कुठे आहे?" गार्नेटने विचारलं.

"ती मोडली मार्चमध्ये."

"मग नवी?"

दाढीतला बर्फ वितळून त्याच्या जॅकेटवर ठिबकत होता.

"बर्निसने नाताळला दिली," मी म्हणाले. "हो ना रे? ते महागडं काहीतरी म्हणजे तेच ना? कुठे आहे ती?"

"गाडीत."

"गाडीत! का?"

"अगं, किती सुंदर आहेत त्या! गर्द हिरव्या. अजून एक ओरखडा नाही. अशा बर्फावर कोण घालतं नव्या स्की?" आणि मग आवाज चढवून, "मला वाटलं निभेल! एकच तर उतार!"

गार्नेट स्लेजच्या काठावर बसली आणि तिने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलत होते. मीही सुटले. मला इतका राग आला होता आणि इतकं हलकं वाटत होतं की दोन्हीचं मिळून हसूच आलं. "जिवापेक्षा स्की प्यारी!" मी ओरडले. "मी इथे तुझ्या म्हातारपणासाठी मनातल्या मनात रडतेय आणि तू धारेची काटकसर करतोयस! माझ्या बाजूने पोटावर चालला होतास, वर बोट ओठांवर!"

"बोट ओठांवर?" गार्नेटने विचारलं.

"शूऽऽ असं. चालू घसरणीत."

"आणि माझ्या बीन्स चालूच होत्या?"

"तू चरबीपर्यंत आली होतीस," हॉलिस म्हणाला आणि मग त्यालाही आवरेना.

पण हसून झाल्यावर गार्नेटने डोळे पुसले आणि पेन्सिल पुन्हा काढली. ती हसरी आहे, ढिली नाही. "रोवेना पास. हॉलिस, तू नापास," ती म्हणाली. "दोर सुटला तर सुटला म्हणून ओरडायचं असतं. शूऽऽ नाही करायचं. तीन वाजता पुन्हा. हिरव्या स्की घालून. आणि दोरावर नाही, या वेळी पुढे तू. दोर मी धरीन, तुझ्यावर माझा आज भरवसा नाही."

"पेशंट कोण?"

गार्नेटने माझ्याकडे बघितलं.

एकोणतीस वर्षांत मी स्लेजमध्ये कधी पडले नव्हते. आतून ती कशी असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. दुपारी खानावळीत बसून आम्ही बीन्सचंच सूप घेतलं, आणि हॉलिसने आधी ते संपवलं. मग पावाने वाटी पुसत म्हणाला, "फूटपाथवर पडलीस ते मला का सांगितलं नाहीस?" मी म्हणाले, "तू हसला असतास." "हसलो असतोच," तो म्हणाला. "म्हणून काय सांगायचं नाही?" मी त्याची मिठाची डबी त्याच्याकडे सरकवली.

तीन वाजता ऊन तिरकं झालं होतं आणि हेमलॉक सकाळपेक्षाही निळा दिसत होता. मला पट्ट्यांत आवळलं, ताडपत्री वर आली, आणि जग एका तपकिरी उजेडापुरतं उरलं. "धरलाय!" गार्नेट मागून ओरडली. "बोल!" हॉलिस पुढून. मला काही सुचेना. मग दवाखान्यात फोनवर जे म्हणते तेच सुरू केलं: नमस्कार, आपली वेळ मंगळवारी साडेदहाची आहे, येण्यापूर्वी दात घासून यावेत, पार्किंग मागच्या बाजूला आहे. स्लेज निघाली. पाठीखालून काचेचा आवाज आला, जो मी पंचावन्न वर्षं तळपायांनी ऐकला होता, आणि तो इथे कितीतरी खोल होता, गुरगुरल्यासारखा, प्रेमळ. "रद्द करायची असल्यास एक दिवस आधी कळवावं," मी म्हणाले. आम्ही कोपराकडे येत असणार. पाय वर आणि डोकं खाली झाल्यासारखं वाटलं, आणि मी भीतीची वाट बघितली. ती येईना. माझे पाय कुठलंही काम न करता शेजारी शेजारी पडले होते, मोकळे, एकमेकांना न धरता. पुढे हॉलिसच्या नव्या कडा लोण्यातून सुरी जावी तशा जात होत्या. कुणीतरी आपल्याला इतकं सांभाळून नेतं आहे आणि आपल्याला त्यात काहीही करायचं नाही, असं शेवटचं केव्हा झालं होतं? आठवेना. आई गेल्यानंतर तर नाहीच. मला सुख झालं. दुसरा शब्द नाही त्याला. डोळे मिटले आणि मी त्या गुरगुरीत पडून राहिले.

एकदम सगळं थांबलं. स्की धडाधड आपटल्याचा आवाज आला, ताडपत्री फाटकन वर गेली, आणि हॉलिसचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर आला, लालबुंद, डोळे विस्फारलेले.

"रो! रोवेना!"

"काय रे?"

"काय रे? बोलेनाशी का झालीस? मी दोनदा हाक मारली!"

"काही नाही. बरं वाटत होतं."

"बरं वाटत होतं!" तो किंचाळला. "बरं वाटत होतं तर तसं बोलायचं! मला वाटलं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. ठिगळांच्या हातमोज्याने नाक पुसलं.

मागून गार्नेटचा आवाज आला, फार हळू. "हॉलिस, तू कुठे उभा आहेस बघ."

त्याने खाली बघितलं. मीही मान वर करून बघितलं. आम्ही कोपराच्या ऐन मध्यावर होतो, जिथे उतार तुटतो तिथे. आजूबाजूला निळ्या काचेशिवाय काही नव्हतं, आणि भरलेली स्लेज हॉलिसच्या गुडघ्याला टेकून जागच्या जागी उभी होती, वीतभरही घसरत नव्हती. त्याच्या हिरव्या स्कींच्या कडा अंगठ्याएवढ्या आत गेल्या होत्या.

"माझा दोर केव्हाचा सैल आहे," गार्नेट म्हणाली. "मी काही केलेलं नाही. इथे स्लेज थांबवलेली मी आजवर बघितली नाही." पेन्सिलीचा आवाज आला. "पास."

हॉलिसने पासचं ऐकलंसुद्धा नसावं. तो माझ्या गळ्याशी ताडपत्री खोचत होता, लहान मुलाच्या अंगावर पांघरूण घालतात तशी.

"आता तळ येईपर्यंत गप्प बसलीस तर खबरदार," तो म्हणाला.

"पण बोलू काय? दवाखान्याचं सगळं संपलं."

"काहीही बोल. मी ऐकणारच नाहीये. तू आहेस एवढं कळत राहिलं म्हणजे झालं."

त्याने ताडपत्री ओढून घेतली. मी बोलायला लागले, आणि मग त्याने स्लेज सोडली.